रमेदीचें देऊळ आणि वसईच्या घंटा

वसईच्या मोहिमेविषयीं मराठींत आजवर जें लेखन झालें, त्यांतील बहुतेक किल्ल्याच्या तटापाशीं सुरू होतें आणि तट पडतांच संपतें. सुरुंग कोठें लागले, खिंडार कोठें पडलें, पहिलें निशाण कोणाचें चढलें, यांवर वाद झाले, कागद छापले गेले, आणि तें योग्यच झालें. परंतु तटाबाहेर जीं खेडीं होतीं, त्या खेड्यांत जीं ख्रिस्ती देवळें होतीं, आणि त्या देवळांत जे भंडारी, कोळी, कुणबी जमत होते, त्यांचें त्या दोन वर्षांच्या युद्धांत काय झालें, हा प्रश्न आमच्या लेखकांनीं बहुधा दोन वाक्यांत उरकला आहे. एक वाक्य घंटांविषयींचें, दुसरें चिमाजीआप्पांच्या औदार्याविषयींचें. या दोन वाक्यांचीच येथें चिकित्सा करावयाची आहे.

'देऊळ' हा शब्द जाणून योजिला आहे. वसई आणि साष्टी या भागांतील जुने ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिरास देऊळच म्हणत आले. जुन्या कागदांतील 'इगर्जी' हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला. 'पाद्री' आणि 'नाताळ' हेहि त्याच भाषेंतून आले. पण रोजच्या बोलण्यांत देवाच्या घराचें जुनें नांव कायम राहिलें. उलट वस्त्यांचीं नांवें मात्र बदललीं. वसईच्या कोटाबाहेर, कसब्याच्या बाजूस, पोर्तुगीजांनीं 'नोस्सा सेन्योरा दुश रेमेदियुश' या नांवानें मरियेचें एक देऊळ बांधलें. 'रेमेदियुश' म्हणजे औषधें, उपाय. दुःखावर उतारा देणारी माता असा त्या नांवाचा आशय. मराठी जिभेवर त्याचें 'रमेदी' झालें आणि तेंच त्या जागेचें नांव होऊन बसलें. हें देऊळ डोमिनिकन पंथाच्या साधूंकडे होतें. जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी १६९५ सालीं वसईस आला होता. कोटाबाहेरच्या कसब्यांतील बागा, उसाचे मळे आणि हें देऊळ पाहिल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. कोटाच्या बुरुजांपैकीं एकासहि याच मातेचें नांव होतें. म्हणजे हें कोठें आडबाजूचें देऊळ नव्हे. वसईवर जमिनीच्या अंगानें येणाऱ्या फौजेच्या वाटेवरचें तें होतें. उदाहरणादाखल तें घेण्याचें कारण इतकेंच.

मी वऱ्हाडांतील मेडशीचा राहणारा. अकोल्याहून वाशीमास जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गांवीं समुद्र फक्त पुस्तकांत येतो. संस्कृत आणि प्रसंगीं इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. वसईचा धडा आला कीं मुलें तोफा मोजीत आणि मास्तर साल पाठ करून घेई. पुढें दुसरा धडा. वसईशीं माझें ना नातें ना वैर, आणि या वादांत पडणाऱ्यास ती गैरसोय नव्हे असें मला वाटतें.

युद्धाचा क्रम वाचकांस ठाऊक आहे, मुद्द्यापुरता सांगतों. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांस मिळाली. १७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि साष्टींत पाय रोविला. त्या वर्षीं वसई मात्र हातीं आली नाहीं. १७३८ च्या अखेरीस ठाणें परत घेण्याच्या प्रयत्नांत पोर्तुगीज सेनापति पेद्रो दि मेलो तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. १७३९ च्या आरंभीं माहीम आणि तारापूर पडलें. तारापुरास बाजी भीमराव रेठरेकर कामास आले. फेब्रुवारीच्या मध्यापासून वसईस वेढा बसला, मे महिन्याच्या पूर्वार्धांत सां सेबास्तियांव बुरुजाकडे सुरुंग उडाले, १६ मे रोजीं तहाचीं कलमें ठरलीं आणि २३ मे रोजीं पोर्तुगीज बाहेर पडले. इंग्रजी कागदांत या तारखा अकरा दिवस मागें दिसतात, त्याचें कारण एवढेंच कीं इंग्रजांनीं जुनी कालगणना १७५२ पर्यंत सोडली नव्हती. कित्येक पुस्तकांत तह एका गणनेनें आणि किल्ला खालीं होणें दुसऱ्या गणनेनें दिल्यामुळें विनाकारण घोटाळा झाला आहे. वेढ्यांत मराठ्यांकडील मेलेले आणि जखमी मिळून पांच हजार आणि पोर्तुगीजांकडील आठशें, असा अंदाज ग्रँट डफनें दिला आहे.

या युद्धास धर्माचें अंग होतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. अंजूरचे गंगाजी नाईक यांनीं पेशव्यांकडे जें गाऱ्हाणें नेलें तें खोटें नव्हतें. सोळाव्या शतकांत आंतोनियु दु पोर्तु या फ्रान्सिस्कन साधूच्या खटपटीनें वसई-साष्टींतील हिंदु देवस्थानें मोडलीं, बोरिवलीजवळचें मंडपेश्वराचें लेणें ख्रिस्ती उपासनेस लाविलें गेलें. गोव्यास १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें आणि त्याची दहशत उत्तरेकडेहि पोंचली. मराठ्यांचा अंमल बसतांच मंडपेश्वरीं पुन्हा शिवपूजा सुरू झाली. वज्रेश्वरीस आप्पांनीं नवसाचें देऊळ बांधविलें. हें सर्व मान्य करून मगच पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे. जें मोडून घेतलें होतें तें परत घेणें निराळें, आणि जें दोनशें वर्षांत गांवकऱ्यांचें झालें होतें तें मोडणें निराळें. आमच्या लेखकांनीं या दोहोंची गल्लत केली आहे.

आतां घंटांकडे वळूं. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर एक थोरली पाश्चात्य घंटा आहे; तिच्यावर बालक घेतलेल्या मरियेची आकृति आणि १७०७ हें साल आहे. नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळावर दुसरी आहे. भीमाशंकरास तिसरी. पुण्याकडे आणि कोंकणांत आणखीहि दाखवितात. या सर्वांविषयीं कथा एकच: चिमाजीआप्पांनीं वसई घेतली, तेथील देवळें पाडलीं आणि या घंटा आणून आपल्या देवांस वाहिल्या. यावरून पुढचें अनुमान असें कीं, ज्या अर्थीं घंटा आल्या त्या अर्थीं देवळें गेलीं.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर येथें घंटा हा हेतु आणि देवळाचा नाश हें साध्य. धूर पाहून आपण अग्नीचें अनुमान करतों तें अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं म्हणून. तशी व्याप्ति येथें आहे काय? पाश्चात्य घंटा वसईवांचूनहि येऊं शकते. ठाणें, माहीम, तारापूर हीं ठाणीं त्याच मोहिमेंत पडलीं. १७४० च्या तहानें चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलें आणि तेथेंहि ख्रिस्ती देवळें होतीं. शिवाय घंटा उतरविण्यास देऊळ पाडावें लागत नाहीं. साध्य नसतांहि हेतु राहूं शकतो, म्हणजे तो सव्यभिचार झाला. अशा हेतूची गणना शास्त्रकार हेत्वाभासांत करितात.

दुसरी गोष्ट सालांची. चिमाजीआप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. नारोशंकराचें देऊळ १७४७ सालचें. नाना फडणविसांचा जन्मच १७४२ चा, म्हणजे वसई घेतल्यानंतर तीन वर्षांनीं. मेणवलीचा वाडा त्यांच्या कर्तेपणाच्या काळांतला. तेव्हां या दोन घंटा तरी आप्पांनीं स्वहस्तें त्या त्या देवास वाहिल्या हें कालदृष्ट्या संभवत नाहीं. त्या कोठें तरी राहिल्या, कोणाच्या तरी हातून फिरल्या आणि पुढच्या पिढींतील धनिकांनीं आपल्या भक्तीनें किंवा हौसेनें त्या टांगल्या. आणि अंगावरचें साल ओतकामाचें असतें, लुटीचें नसतें, हें सांगण्याची खरें म्हणजे गरज पडूं नये. पण १७०७ हें साल युद्धाचा पुरावा म्हणून पुढें केलेलें मीं वाचलें आहे!

तिसरी गोष्ट घंटांच्या आकाराची. एवढ्या थोर घंटा खेड्यांतील देवळांच्या असण्यापेक्षां कोटाच्या आंतील देवळांच्या असण्याचा संभव अधिक. वसईचा कोट म्हणजे नुसता किल्ला नव्हे. तें तटबंद शहर होतें. त्यांत सां जुझेचें मुख्य देऊळ, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या पंथांचे मठ आणि त्यांचीं देवळें होतीं. त्यांचे पडके सांगाडे आज आपण पाहतों आणि समजतों कीं हें सर्व १७३९ च्या एका उन्हाळ्यांत कोसळलें. परंतु या देवळांचे उपासक कोण? मुख्यतः कोटांत राहणारीं पोर्तुगीज आणि मिश्र रक्ताचीं घराणीं. तीं तहानुसार निघून मुंबईस आणि गोव्यास गेलीं. ज्या देवळास उपासक उरला नाहीं, उत्पन्न उरलें नाहीं, तें पाडावयास फौज लागत नाहीं. कोंकणचा पाऊस पुरे होतो. छपराचें लांकूड आणि चौकटींचा दगड लोक नेतात हें तर आपण आपल्या गढ्यांच्या आणि वाड्यांच्या बाबतींतहि पाहतों.

जातां जातां आणखी एक. घंटेचा धातु आणि तोफेचा धातु यांचें नातें जगभर जुनें आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें आपल्या आणि जिंकलेल्या देशांतील देवळांवरून एक लाखाहून अधिक घंटा उतरविल्या आणि त्यांतील बहुतेक भट्टींत घातल्या; आणि ते ख्रिस्ती लोकच होते. मराठ्यांस तोफांची ददात किती होती हें त्यांच्या पत्रव्यवहारावरून सर्वश्रुत आहे. तरीहि या घंटा वितळविल्या गेल्या नाहींत, देवापुढें टांगल्या गेल्या, आणि मरियेची आकृति कानशीनें घांसून काढण्याचेंहि मेणवलीस कोणाच्या मनांत आलें नाहीं. लूट ती लूटच. पण या लुटींतून द्वेष सिद्ध करूं पाहणारानें ही आकृति एकदां पाहून यावी.

देवळांतील चांदीची गोष्ट तर घंटांहून बोलकी आहे आणि तिच्याकडे आमच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. वेढ्याच्या शेवटच्या काळांत वसईकरांस फौजेचा पगार देण्यास पैसा उरला नाहीं. त्यांनीं मुंबईच्या इंग्रजांपाशीं मदत मागितली. इंग्रजांनीं पंधरा हजार रुपये दिले, पण कर्जाऊ. आणि तारण म्हणून देवळांतील चांदीचीं पात्रें आणि कांहीं पितळी तोफा घेतल्या. ग्रँट डफनें हें नमूद केलें आहे. म्हणजे वसईच्या देवळांची संपत्ति मराठ्यांचा पाय आंत पडण्यापूर्वींच वेदीवरून उतरली होती, ती त्यांच्याच रक्षकांच्या हातून, आणि गेली ती ख्रिस्ती सावकाराच्या तिजोरींत. घंटेची कथा शंभर ठिकाणीं सांगतात, चांदीची एकाहि ठिकाणीं ऐकूं येत नाहीं. कारण चांदी कोठें टांगलेली दिसत नाहीं.

वांद्र्याचें उदाहरण याहून स्पष्ट आहे. हें त्या वेळीं साष्टीच्या दक्षिण टोंकाचें कोळ्यांचें आणि कुणब्यांचें खेडें. येथें जेझुइटांचें सांत आना नांवाचें विद्यालय होतें, डोंगरावर मरियेचें देऊळ होतें आणि किनाऱ्यालगत १५७५ सालीं स्थापिलेलें संत आंद्रूचें देऊळ होतें. यांपैकीं सांत आना विद्यालय १७३९ त पाडलें गेलें. कोणीं पाडलें? मराठ्यांनीं नव्हे. तें मराठ्यांच्या हातीं पडून मुंबईस धोका होईल म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यानें आणि त्याच्या मालकांच्या संमतीनें तें उध्वस्त करण्यांत आलें. डोंगरावरचें देऊळ मात्र १७३८ त मराठ्यांच्या स्वारींत जळालें अशी तेथील परंपरा आहे आणि ती अविश्वसनीय मानण्यास कारण नाहीं. तेथील मूर्ति कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडून संत आंद्रूच्या देवळांत ठेविली गेली, असेंहि सांगतात. पण त्याच परंपरेचें उत्तरार्ध कोणी वाचीत नाहीं. डोंगरावरचें देऊळ १७६१ त पुन्हा उभें राहिलें आणि मूर्ति परत तेथें गेली. साष्टी इंग्रजांच्या हातीं आली ती १७७४ च्या डिसेंबरांत. म्हणजे जाळलें गेलें तें मराठ्यांच्या स्वारींत आणि उभारलें गेलें तेंहि मराठ्यांच्याच राज्यांत. एका गांवांत तीन वास्तु: एक इंग्रजांनीं पाडविली, एक मराठ्यांनीं जाळली आणि बांधूं दिली, एक तशीच राहिली. यावरून 'मराठ्यांनीं देवळें पाडलीं' किंवा 'मराठ्यांनीं देवळांस हात लाविला नाहीं' यांपैकीं कोणतेंहि वाक्य सिद्ध होत नाहीं. युद्धांत असेंच होतें. सरसकट वाक्यें मागाहून लिहिणारांच्या सोयीचीं असतात.

आतां दुसरें वाक्य. वसई पडली तेव्हां एक सुंदर पोर्तुगीज स्त्री, कोणी म्हणतात किल्लेदाराची पत्नी, कोणी म्हणतात सून, आप्पांपुढें आणली गेली आणि त्यांनीं तिला मातेसमान मानून सन्मानानें पाठवून दिलें, अशी कथा आहे. कथा गोड आहे आणि शाळेंत ती सांगितलीहि जाते. परंतु हीच कथा कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेविषयीं शिवछत्रपतींच्या नांवावर आहे. पात्रें आणि स्थळ बदललें, सांचा तोच. पुराणकथांच्या अभ्यासकास असे सांचे ओळखावयास वेळ लागत नाहीं. आणि मुख्य म्हणजे ही कथा खरी मानण्याची गरजच नाहीं, कारण तिच्याहून बळकट पुरावा हाताशीं आहे.

तो पुरावा १६ मे १७३९ च्या तहाचा. पोर्तुगीजांच्या वतीनें कप्तान कायतानु दि सोझा परैरा यानें तो केला. त्या अन्वयें शिबंदीनें हत्यारांसह, निशाणें लावून, नगारे वाजवीत बाहेर पडावें. कुटुंबें आणि जंगम मालमत्ता न्यावी. ज्यांस राहावयाचें असेल त्यांनीं आपल्या वतनासह राहावें. आणि राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म आचरण्याची मोकळीक असावी. आठवड्याच्या मुदतींत किल्ला खालीं झाला आणि माणसें सुखरूप गेलीं. सुरुंगांनीं तट फुटलेला, तीन महिन्यांत हजारों माणसें पडलेलीं, फौज खवळलेली, अशा वेळीं हीं कलमें पाळलीं गेलीं. एका स्त्रीस परत पाठविण्यांत एका पुरुषाचें शील दिसतें. शेंकडों कुटुंबें, मित्र नव्हे तर शत्रूचीं, ठरल्या दिवशीं ठरल्या रीतीनें बाहेर जाऊं देण्यांत राज्याची शिस्त दिसते. आमच्या लेखकांनीं पहिल्यावर श्लोक रचले आणि दुसऱ्याचें साधें कलम पुरतेपणीं छापलें नाहीं. आप्पांचा मोठेपणा यानें वाढला असें मला वाटत नाहीं.

कलमें तात्पुरतीं पाळलीं, पुढें काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर एका परक्या साक्षीदारानें दिलें आहे. आंकेतिल द्युपेरों हा फ्रेंच पंडित १७६० सालीं साष्टींतून गेला. हा तोच गृहस्थ, ज्यानें पुढें अवेस्ता युरोपास दिला आणि दारा शुकोहच्या फारसीवरून उपनिषदांचें लॅटिन केलें. आम्हां संस्कृतवाल्यांस त्याचें नांव परकें नाहीं. ठाण्यास त्यानें ख्रिस्ती लोकांचा उत्सव पाहिला. हजारोंचा समुदाय, उघडपणें मिरवणूक, आणि पूजा चालविणारे पाद्री देशी. मराठे त्यांस मोकळीक देतात, असें तो सांगतो. हा मनुष्य मराठ्यांचा आश्रित नव्हता, पोर्तुगीजांचा तर नव्हताच. म्हणून तो आप्त, आणि त्याचा शब्द प्रमाण. तुलनेसाठीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, पलीकडे मुंबईंत खुद्द ख्रिस्ती इंग्रजांनीं १७२० त गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांस मानणारे फ्रान्सिस्कन पाद्री हांकून देऊन त्यांच्या जागीं कार्मेलाइट आणविले होते.

'पाद्री देशी' या दोन शब्दांत फार मोठी गोष्ट दडलेली आहे. पोर्तुगीज अमलांत खेड्यांतील देवळें युरोपांतील पंथांच्या हातीं होतीं. १७३९ नंतर ते पंथ गेले आणि खेड्यांची जबाबदारी गोव्याकडील देशी धर्मगुरूंवर पडली. रमेदीहून डोमिनिकन गेले. रमेदीची माता राहिली, आणि तिला नवस बोलणारे राहिले, त्यांत हिंदूहि होते आणि आजहि आहेत. फिरंगी सत्ता म्हणजेच या लोकांचा धर्म असता, तर सत्ता जातांच धर्म गेला असता. तो दोन-तीन पिढ्या परक्या संरक्षणावांचून, परक्या पैशावांचून टिकला, यावरून तो तोंवर त्यांचा स्वतःचा झाला होता असेंच अनुमान निघतें. आणि या अनुमानास मात्र व्याप्तीचा दोष दाखवितां येणार नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूच्या परंपरेचीहि चिकित्सा केली पाहिजे, नाहींतर ही एकांगी होईल. देवळांच्या कथांतून असें सूचित होतें कीं १७३९ पासून ऐंशी वर्षें हा समाज केवळ छळ सोशीत होता. युद्धाच्या दोन वर्षांत त्यानें पुष्कळ सोसलें यांत शंका नाहीं. फौज गांवावर जगते. उभें भात आणि माडांच्या वाड्या कोणाच्या धर्माच्या हें ती विचारीत नाहीं. ज्यांस गोव्यास जावयास जहाज होतें ते गेले. ताडी काढणारा भंडारी आणि होडी किनाऱ्यास बांधलेला कोळी कोठें जाणार? त्यांच्या रक्षकांनीं त्यांस तहाच्या एका कलमांत ठेवून निरोप घेतला. हें दुःख खरें. पण पुढील काळांतील उणीव ही बहुतेक उत्पन्नाची आणि गुरूंची होती, तलवारीची नव्हे. शुद्धीचे प्रयत्न पेशवाईंत झालेच नाहींत असें नाहीं. परंतु शुद्धीचें सर्वांत ठळक उदाहरण, साष्टीकडील आगऱ्यांच्या एका समूहास परत हिंदु करून घेतल्याचें, तें १८२० चें आहे. पुढें त्या लोकांस 'उरप आगरी' म्हणत. १८२० म्हणजे पेशवाई बुडून दोन वर्षें झालीं होतीं आणि राज्य इंग्रजांचें होतें. म्लेंच्छांनीं नेलेल्यांस परत घेण्याची व्यवस्था देवलस्मृतींत शेंकडों वर्षें लिहिलेली होती. पेशव्यांच्या दरबारीं ती वाचणारे शास्त्री थोडे नव्हते. ऐंशी वर्षांच्या सत्तेंत तिचा सरसकट प्रयोग झाला असता तर १८२० त शुद्ध करावयास माणसें उरलीं नसतीं.

दोन्ही परंपरांत एक समान चूक आहे. दोघीहि 'फिरंगी' आणि 'किरिस्ताव' यांस एक धरतात. मराठा कथा त्यांस एकत्र करून जिंकते, दुसरी कथा त्यांस एकत्र करून रडते. वस्तुतः तटावर तोफ डागणारा आणि रमेदीच्या देवळांत मेणबत्ती लावणारा हे दोन निराळे लोक होते. एकाची भाषा पोर्तुगीज, दुसऱ्याची मराठी. वसईकडची सामवेदी बोली किंवा कोळ्या-भंडाऱ्यांचें बोलणें ज्यानें ऐकलें आहे त्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. याच गोंधळापोटीं आणखी एक लहानशी चूक रूढ झाली आहे: फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण साष्टींत झालें, म्हणून तें वसई-ठाण्याकडच्या ख्रिस्ती लोकांचें वाङ्मय, असें लिहिणारे भेटतात. १६१६ सालचा तो ग्रंथ राशोल येथें छापला गेला, आणि ती साष्टी गोव्यांतली. सहासष्ट गांवांचा प्रदेश म्हणून दोन्हीकडे तेंच नांव पडलें, इतकेंच.

ही चूक केवळ पुस्तकी असती तर मीं एवढा कागद खर्च केला नसता. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईकडच्या नंदाखाल गांवचे, 'सुवार्ता' मासिकाचे बहुत वर्षांचे संपादक, २०२४ सालीं वारले. त्यांची निवड झाली तेव्हां ते ख्रिस्ती धर्मगुरु म्हणून कांहीं मंडळींनीं विरोध केला. मराठींत जन्म घालविलेल्या माणसास मराठीच्या सभेंत परका ठरविण्याचें धैर्य कोठून येतें? तें शाळेंतील धड्यांतून येतें. तट पडतांच संपणाऱ्या त्या धड्यांतून. १७३९ च्या तहानें राहणाऱ्यांस राहूं दिलें होतें. कलम अजून अमलांत आहे असें समजावयास हरकत नसावी.

साधनांविषयीं दोन शब्द. पेशवे दप्तराचा सोळावा खंड वसईच्या मोहिमेचाच आहे; साष्टीची बखर छापलेली आहे; गेर्सन दा कुन्या यांचें चौल आणि वसई यांवरील इंग्रजी पुस्तक १८७६ चें आहे आणि अजून उपयोगी पडतें. बखर ही बखरीसारखीच वाचावी. तींतील संभाषणें प्रमाण धरूं नयेत, पण गांवांचीं आणि माणसांचीं नांवें टाकूं नयेत. या साधनांतून तटाबाहेरच्या गांवांचे उल्लेख वेंचून एकत्र मांडणें हें एका माणसाचें वर्षभराचें काम आहे. घंटांचें काम तर त्याहून सोपें. प्रत्येक घंटेवरील अक्षरांचा, आकृतींचा आणि सालाचा ठसा घ्यावा, तिचा व्यास मोजावा, ती ज्या देवळांत आहे त्याच्या बांधणीचें साल शेजारीं लिहावें, आणि मगच ती कोठली हें ठरविण्यास बसावें. ठशास पातळ कागद, थोडी काजळी आणि एक शिडी लागते. नाशिकास शिडी उंच लागेल.